ठिपके माशाच्या अंगावर, इलाज टाकीच्या तळाशी

मरीन टँक ठेवणाऱ्याला हे कधी ना कधी पाहावे लागते. टँगच्या किंवा क्लाउनफिशच्या परांवर बारीक पांढरे ठिपके उठतात. मासा दगडाला अंग घासतो, खाणे कमी करतो. मालक घाबरून दुकानातून एक बाटली आणतो, सांगितले तेवढे थेंब टाकतो आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले म्हणून तो निर्धास्त होतो. पुढे आठ-दहा दिवसांनी ठिपके परत येतात आणि या वेळी सगळ्याच माशांवर येतात.

बाटलीतले थेंब टाकले नसते तरी ते पहिले ठिपके गेलेच असते. ठिपके जाणे हा या रोगाच्या चक्राचाच एक टप्पा आहे. हे चक्र नीट कळले, तर पाण्यातले मीठ कमी करून रोग कसा संपवतात, त्याला महिनाभर का लागतो आणि अर्धवट केले की सगळे का फुकट जाते, हे आपोआप उलगडते.

ठिपक्याचे चक्र

हा रोग करणारा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो एकपेशीय परजीवी आहे आणि अंगभरच्या सूक्ष्म तंतूंनी पोहतो. जपानमध्ये १९३० च्या दशकात सिकामा यांनी त्याची नोंद केली आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. टाकीवाल्यांच्या बोलण्यात तो ‘मरीन इक’ किंवा नुसता ‘व्हाइट स्पॉट’. गोड्या पाण्यातल्या माशांनाही ‘इक’ होतो आणि ठिपके तसेच दिसतात, पण तो करणारा जीव वेगळा आहे. एकाचे औषध दुसऱ्याला चालेल असे धरून चालू नये.

चक्राचे चार टप्पे आहेत. पहिल्यात परजीवी माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथे तीन ते सात दिवस खाऊन वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा वाढलेला परजीवी आणि त्याच्याभोवती माशाने धरलेला चिकट थर. कल्ल्यांतले ठिपके मात्र बाहेरून दिसत नाहीत. म्हणून अंगावर दोनच ठिपके असताना मासा धापा टाकत असेल, तर रोग दिसतो त्याहून पुष्कळ पुढे गेलेला असतो.

पोट भरले की परजीवी मासा सोडतो, आणि हे बहुधा अंधार पडल्यावर घडते. हा दुसरा टप्पा. काही तास तो तळावर सरपटतो आणि मग वाळूला, दगडाला, काचेला, पाइपला, जे मिळेल त्याला चिकटतो.

तिथे तो स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. हा तिसरा टप्पा, शास्त्रज्ञांच्या भाषेत टोमाँट. कोषाच्या आत त्याचे विभाजन होत राहते आणि एकाचे शंभर-दोनशे होतात. कोष साधारण तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतो. सगळे कोष एकाच वेळी फुटत नाहीत. तब्बल ७२ दिवसांनी फुटलेल्या कोषाचीही नोंद आहे.

चौथ्या टप्प्यात कोषातून पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. ती बहुतेक पहाटेच्या अंधारात निघतात, तेव्हा मासे तळाशी किंवा कपारीत झोपलेले असतात. पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि पहिल्या काही तासांनंतरच त्यांचा जोर ओसरू लागतो. समुद्रात यातली बहुतेक वाया जातात. तीनशे लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र मासा कधीच दूर नसतो, म्हणून समुद्रात माशाला सहज सोसणारा हा परजीवी टाकीत जीवघेणा ठरतो.

मीठ कमी केले की काय होते

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. बाहेर मीठ जास्त आणि आत कमी असले की पाणी पातळ पडद्यातून मिठाच्या बाजूला ओढले जाते. समुद्रातल्या माशाच्या बाबतीत हेच अष्टौप्रहर चालू असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि बहुतेक हाडी माशांच्या रक्तातले क्षारांचे प्रमाण त्याच्या जेमतेम एक तृतीयांश असते. त्यामुळे माशाच्या अंगातून, मुख्यतः कल्ल्यांतून, पाणी सतत बाहेर जाते. ही तूट भरायला मासा समुद्राचे पाणी पितो आणि त्यातून आलेले जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. या कामाला त्याची बरीच शक्ती खर्च होते.

टाकीतले क्षार लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास आणले, तर पाणी आणि माशाचे रक्त जवळपास सारखे होते. पाणी ना आत ओढले जाते ना बाहेर. आजारी माशाची कातडी आणि कल्ले परजीवीने जागोजाग फोडलेले असतात, त्यामुळे त्याला हा आराम दुहेरी मिळतो. खाडीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. रायगडच्या तळ्यांत वाढवतात तो जिताडा खाऱ्या मुखाशी जन्मतो, निमखाऱ्या खाडीत वाढतो आणि गोड्या पाण्यातही राहतो. प्रवाळात राहणाऱ्या रंगीत माशांत एवढी ताकद नसते. तरीही एक तृतीयांश खारेपणा त्यांतले बहुतेक आठवडेच्या आठवडे सोसतात.

कोषातल्या परजीवीला मात्र हे सोसत नाही. त्याच्या आतला खारेपणा समुद्राच्या पाण्याशी जुळलेला असतो. बाहेरचे पाणी अचानक निमखारे झाले की ते आत घुसते, पेशी फुगते आणि फुटते. अँजेलो कोलोर्नी यांनी इस्रायलमध्ये मत्स्यशेतीतल्या सी ब्रीम माशांवर काम करून १९८५ मध्ये दाखवून दिले, की खारेपणा उतरवून हा रोग आटोक्यात आणता येतो. आज टाकीवाले वापरतात ती पद्धत याच शोधाच्या वाटेवरची आहे.

आता कळीची गोष्ट. माशाच्या कातडीत बसलेला परजीवी या उपायाने मरत नाही. तो माशाच्या अंगातल्या द्रवात बुडालेला असतो आणि तो द्रव पहिल्यापासूनच तेवढाच खारा आहे. बाहेर काहीही करा, त्याला पत्ता लागत नाही. उपाय लागू पडतो तो मासा सोडून तळाला गेलेल्या परजीवीला, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्याला. म्हणून ठिपके पाहून उपचार लागला की नाही हे ठरवता येत नाही. ते कॅलेंडर आणि मोजमाप पाहूनच ठरते.

आकडा ‘साधारण’ चालत नाही

टाकीवाले खारेपणा बहुधा विशिष्ट गुरुत्वात मोजतात. नेहमीचे समुद्राचे पाणी २५ अंश तापमानाला १.०२६ च्या आसपास भरते. उपचाराचा आकडा १.००९, म्हणजे लिटरला सुमारे १२ ग्रॅम. कोष मरायला पाणी लिटरला १६ ग्रॅमच्या खाली हवे. आपण १२ वर थांबतो, म्हणजे मापात थोडी चूक झाली तरी मधले अंतर सांभाळून घेते.

इथे अर्ध्या उपायाला अर्धे फळ नाही. १.०१८ वर परजीवी थोडा मंदावतो, मरत नाही. काही दुकानांत सगळ्या टाक्या कायम अशा कमी खारेपणावर ठेवतात. मासे तिथे स्वच्छ दिसतात, आणि घरी आणून नेहमीच्या पाण्यात सोडले की आठवड्याभरात ठिपक्यांनी भरतात.

म्हणून मोजायचे साधन विश्वासाचे हवे. प्लॅस्टिकच्या डबीतला हलता काटा सोडून द्या. त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो दोन्ही टोकांना तपासावा. डिस्टिल्ड पाण्याला शून्य दाखवतो का, आणि ३५ च्या प्रमाणित द्रावणाला ३५ दाखवतो का? आपले काम या दोघांच्या मधे आहे, त्यामुळे एकाच टोकाची तपासणी पुरत नाही.

हा उपाय कुठे करू नये

मूळ टाकीत तो करूच नये. प्रवाळ, ॲनिमोनी, कोळंबी, खेकडे, गोगलगायी, तारामासे यांच्या अंगातले द्रव समुद्राइतकेच खारे असतात. निमखाऱ्या पाण्यात ते मरतात. लाइव्ह रॉकमधले लहान जीवही मरून कुजतात आणि टाकीत अमोनिया उसळतो. उपचार नेहमी वेगळ्या टाकीत. शार्क आणि रे यांना तर वेगळ्या टाकीतही हा उपाय करू नये. ते रक्तात युरिया साठवून समुद्राच्या पाण्याशी बरोबरी राखतात, त्यामुळे वर सांगितलेला हिशेब त्यांना लागू होत नाही.

दुसरी खबरदारी रोग ओळखण्याची. ‘व्हेल्व्हेट’ नावाचा रोग अमायलोडिनियम नावाच्या जीवाने होतो. त्याचे ठिपके पिठासारखे बारीक असतात, तिरक्या उजेडात सोनेरी धूळ दिसते, आणि मासा धापा टाकत पाण्याच्या झोतासमोर तोंड धरून राहतो. हा जीव निमखाऱ्या पाण्यात मजेत जगतो. खारेपणा उतरवत बसलात, तर तेवढ्या दिवसांत मासे हातचे जातील. तिथे तांब्याचे औषध किंवा क्लोरोक्विन लागते. नियोबेनेडेनिया जातीच्या चपट्या कृमींना मात्र कमी खारेपणा बाधतो, त्यामुळे त्यांचा त्रास याच उपचारात कमी होऊ शकतो.

उपचाराची टाकी

साधी काचेची टाकी पुरे. दोन-चार मध्यम माशांना १०० लिटर. तळाशी वाळू नाही, आत दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकावेत. माशाला आडोसा मिळाला की तो लवकर खायला लागतो. हीटर, हवेचा पंप, झाकण आणि स्पंज फिल्टर एवढे सामान बस्स. तो स्पंज मूळ टाकीच्या फिल्टरच्या पेटीत (‘सम्प’मध्ये) काही आठवडे आधीच ठेवलेला असावा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू त्यात तयार असतात. रोग आल्यावर नवा स्पंज आणला तर पहिले दोन-तीन आठवडे रोज पाणी बदलण्यात जातात. प्रोटीन स्किमर लावून उपयोग नाही. पाण्यात मीठ कमी असले की बारीक फेस धरत नाही.

सुरुवातीला ही टाकी मूळ टाकीच्याच पाण्याने भरावी आणि मासे तिच्यात हलवावेत. रोग एका माशावर दिसला तरी सगळे मासे हलवायचे. ज्याच्यावर ठिपके दिसत नाहीत, त्याच्या कल्ल्यांत ते असू शकतात, आणि मूळ टाकीत एक जरी मासा उरला तरी परजीवीचे चक्र तिथे चालू राहते.

खाली उतरवताना

खारेपणा उतरवायला दोन दिवस पुरतात. माशाच्या अंगावरचा भार कमी होत असल्याने तो हे सहज सोसतो. १०० लिटरच्या टाकीचा हिशेब असा. एका वेळी साडेतेवीस लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच बिनमिठाचे पाणी हळूहळू भरायचे. पहिल्या बदलानंतर ३५ चे २७ होतात, दुसऱ्यानंतर साडेवीस, तिसऱ्यानंतर साडेपंधरा आणि चौथ्यानंतर १२. सकाळी एक, संध्याकाळी एक, असे दोन दिवसांत चार बदल झाले की काम झाले. हिशेब कितीही पक्का असला तरी शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा.

भरायचे पाणी आरओचे असावे. स्वयंपाकघरातले यंत्र चालते, पण चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी मिसळलेले असू शकते, म्हणून टीडीएस मीटर लावून पाहावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना भाजते. नाइलाज असेल तर क्लोरीन काढणारे औषध घालूनच ते वापरावे. पाण्याचे तापमानही टाकीएवढेच करून घ्यावे.

पाणी पातळ झाले की आणखी काय पातळ होते

मिठाबरोबर पाण्याची आम्लता आवरणारे क्षारही एक तृतीयांश उरतात. समुद्राच्या पाण्यात ही क्षमता सात-आठ डिग्री असते, ती अडीचवर येते. मग माशांच्या श्वासातून आणि जिवाणूंच्या कामातून तयार होणारे आम्ल पीएच खाली ओढते. मासे या उपचारात दगावतात ते बहुतेक वेळा कमी मिठाने नाही, तर घसरलेल्या पीएचने किंवा अमोनियाने.

उपाय स्वयंपाकघरातलाच. १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा ही क्षमता सुमारे एक डिग्रीने वाढवतो. चार-पाच डिग्री वाढवायच्या असतील, तर तेवढा सोडा दोन-तीन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून घालावा. धुण्याचा सोडा घालू नये. तो पीएच एकदम चढवतो. पीएच ८.१ ते ८.३ च्या दरम्यान ठेवावा.

अमोनिया रोज मोजावा. खारेपणा एकदम बदलल्याने स्पंजमधले जिवाणूही काही दिवस मंदावतात. अमोनिया दिसला की पाणी बदलायचे, आणि बदलायचे पाणी आधीच १.००९ करून, मोजून ठेवायचे. घाईत नेहमीचे खारे पाणी ओतले तर खारेपणा कोष मरण्याच्या मर्यादेच्या वर जातो. बाष्पीभवनाचेही लक्ष ठेवावे लागते. पाणी उडते, मीठ मागेच राहते. १०० लिटरमधले २५ लिटर उडाले की १२ चे १६ होतात. उन्हाळ्यात पंख्याखालच्या उघड्या टाकीला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत. म्हणून झाकण, आणि रोज बिनमिठाच्या पाण्याची भर.

याच काळात टाकीत तांब्याचे औषध घालू नये. एका वेळी एकच उपचार करावा.

तीस दिवस कुठून मोजायचे

मासा टाकीत आणला तो पहिला दिवस नव्हे. ज्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने १.००९ दाखवले, तो पहिला. त्यानंतर पहिल्या आठवड्यात नवे ठिपके दिसले तर घाबरू नये. कातडीत आधीपासून असलेले परजीवी वाढून डोळ्यांना दिसू लागतात, एवढाच त्याचा अर्थ. ते परजीवी खाली उतरतील आणि तिथे मरतील. पण ठिपके पहिल्या आठवड्यानंतरही येत राहिले, तर शेवटचा ठिपका गेल्याच्या दिवसापासून पुढे चार आठवडे धरावे. मधे एखाद्या दिवशी खारेपणा १६ च्या वर गेला असेल तर मोजणी पुन्हा एकपासून.

दोन आठवडे उलटूनही नवे ठिपके येतच असतील तर तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. आधी मोजमाप, मग पाणी भरण्यातली चूक, आणि मग रोगाची ओळख. तिन्ही बरोबर असतील तर परजीवीचा वाणच निमखाऱ्या पाण्याला सरावलेला असू शकतो. तैवानमधल्या मत्स्यशेतीत असे वाण सापडले आहेत. अशा वेळी हट्ट न धरता तांब्याकडे वळावे, आणि त्याआधी खारेपणा पूर्ववत करावा.

वर चढवताना घाई नाही

उतरण दोन दिवसांची, चढण मात्र दहा दिवसांची. महिनाभर माशाने पाणी पिणे आणि मीठ बाहेर टाकणे जवळपास थांबवलेले असते. ही यंत्रणा पुन्हा उभी राहायला वेळ लागतो. एकदम खारे पाणी दिले तर माशाच्या अंगातले पाणी झपाट्याने निघून जाते.

सोपी रीत अशी. टाकीतलेच १० लिटर पाणी बादलीत काढावे, त्यात सुमारे २३० ग्रॅम मरीन सॉल्ट घालून हवेच्या दगडाने पूर्ण विरघळू द्यावे आणि ते पाणी तासाभरात थेंबाथेंबाने परत सोडावे. १०० लिटरच्या टाकीचा खारेपणा यामुळे लिटरला २.३ ग्रॅमने वाढतो. रोज एकदा, असे दहा दिवसांत १२ चे ३५ होतात. मीठ थेट टाकीत कधीच टाकू नये. एखाद्या दिवशी मासा मलूल दिसला किंवा त्याने खाणे टाकले, तर त्या दिवशी चढ थांबवावा.

मूळ टाकीचा हिशेब वेगळा

उपचाराच्या टाकीत परजीवी मरत असताना मूळ टाकीच्या वाळूत आणि दगडांत कोष जिवंत असतात. तिथे ना औषध घालता येते ना खारेपणा उतरवता येतो. एकच उपाय उरतो, तो म्हणजे एकही मासा न ठेवता टाकी चालू ठेवणे. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी तिथेच राहू शकतात; हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. कोष फुटतात, पिल्ले निघतात, मासा मिळत नाही आणि ती मरतात. ७२ दिवसांच्या त्या नोंदीत पिल्लांच्या आयुष्याचे काही दिवस मिळवून अनेक टाकीवाले ७६ दिवसांचा रिकामा काळ धरतात. या काळात दोन्ही टाक्यांत एकच जाळी, एकच बादली किंवा ओला हात फिरवू नये. एका थेंबातूनही परजीवी परत येऊ शकतो.

दोन दिवस उतरणीचे, तीस उपचाराचे आणि दहा चढणीचे, मिळून बेचाळीस. मूळ टाकी तयार व्हायला अजून महिनाभराहून अधिक बाकी असतो. हा काळ वाया जात नाही. नेहमीच्या खारेपणावर, कोणतेही औषध नसताना माशांवर ठिपका उठत नाही ना, हे पाहायची खरी परीक्षा याच काळात होते. त्यात ते पास झाले आणि मूळ टाकीचे दिवसही भरले, की मासे परत हलवावेत. उपचाराची टाकी धुऊन, वाळवून ठेवावी आणि दुकानातून येणारा पुढचा प्रत्येक मासा आधी तिच्यात राहील एवढा नियम घालून घ्यावा.